न अडखळलेला ठोका

बॉल आडव्या दांड्यावरून गेला तेव्हा उज्ज्वलानं बॉलकडं पाहिलंच नाही. तिनं मनगटावरच्या पट्ट्याकडं पाहिलं.

तिथं नाडीच्या जागी समरजितचं काळीज वाजत होतं. धक्, धक्, धक्. शेवटच्या मिनिटांपर्यंत पळून पळून ते भरधाव झालेलं होतं, पण लय मात्र सारखी होती. जात्यावर बसलेल्या बाईनं दाणे संपले तरी फेरा सोडू नये, तशी. बॉल वर गेला, पलीकडं पडला, गोव्याच्या संघाचा गोलरक्षक गुडघ्यावर बसून आभाळाकडं बघायला लागला, आणि ती लय कुठंच चुकली नाही.

सगळं स्टेडियम गप्प झालं. हरल्यावर कोल्हापूर गप्प बसत नाही; शिव्या देतं, रडतं, हलगी फोडतं. ही गप्पगारी वेगळी होती. गॅलरीतला जो तो मान खाली घालून स्वतःच्या मनगटाकडं बघत होता. मग एकेक मान वर आली आणि सगळ्यांचे डोळे मैदानातल्या त्या एका पोराकडं वळले.

उज्ज्वला सरनाईक ही भालदार गल्लीतली. घरच्या दोन म्हशी, आणि त्यांच्या दुधावर गल्लीच्या तोंडाशी चालवलेला दूधकट्टा, एवढा तिचा संसार. लग्न टिकलं नाही म्हणून ती माहेरीच राहिलेली. पण भालदार तालमीचा फुटबॉलचा सामना असला की गॅलरीत तिच्याशिवाय हलगीवर काठी पडत नसे. गाणी तिची असत. कुठं शिकली नव्हती. आईच्या जात्यावरून आली होती. संघाचा रंग जांभळा, म्हणून तिनं केव्हातरी जोडलेलं हे गाणं आता शेंबड्या पोरालाही पाठ होतं:

*जांभळं पिकलं गं, भालदार गल्लीत*
*पाखरं उडाली, पल्याडच्या जाळीत*

आणि पेनल्टी चुकवणारा समरजित हा तिचा भाचा. तिच्या भावाचं, विलासचं पोर. विलास गेला तेव्हा समर लहान होता. त्याच्या आईनं मिरजेच्या दवाखान्यात नर्सची नोकरी धरली आणि पोर आत्तीच्या हाताखाली वाढलं, म्हशींच्या अवतीभवती, बॉलला लाथा मारत.

तो सामना जिंकला असता तर भालदारचा संघ देशाच्या वरच्या लीगमध्ये जाणार होता. पेठेतल्या एका तालमीचा संघ! सहा वर्षांपूर्वी एका कंपनीनं तालमीशी करार करून संघ चालवायला घेतला, तेव्हापासून गल्ली याच दिवसाची वाट बघत होती. आणि बरोबरीत सुटलेल्या सामन्यानं तो दिवस हातातून गेला.

मनगटावरच्या त्या पट्ट्याला गावात 'ठोका' म्हणत. कंपनीनं ठेवलेलं नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडात बसलं नाही.

त्यामागचं शास्त्र असं. माणसाचं काळीज घड्याळासारखं चालत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडं कमी-जास्त होत असतं. मानेतून उतरून काळजापर्यंत गेलेली एक लांब नस ब्रेकचं काम करते आणि तो ब्रेक मेंदूच्या पायाखाली असतो. आपण काहीही करायला जातो तेव्हा मेंदू निकालाचं चित्र आधीच काढून ठेवतो. प्रत्यक्ष निकाल त्या चित्राशी जुळला नाही की मेंदू दचकतो, ब्रेकवर पाय देतो, आणि पुढचा ठोका किंचित उशिरा पडतो. प्रयोगशाळेत बटणं दाबायला बसवलेल्या माणसांमध्ये शास्त्रज्ञांना हे फार पूर्वी दिसलं होतं. पण जिवाच्या आकांतानं पळणाऱ्या खेळाडूच्या धडधडीतून तो केसाएवढा उशीर वेगळा काढणं जमत नव्हतं. ते जमलं, आणि मग खेळाडूंच्या बनियनमध्ये बारीक तारा विणल्या गेल्या. खेळाडूच्या काळजाचा ठोका जसा पडेल तशी पट्ट्यातून चाहत्याच्या मनगटावर टिचकी बसू लागली. पेनल्टीच्या वेळी तर सगळे पट्टे आपोआप मारणाऱ्याच्या काळजाला जोडले जात.

त्या उशिराला गल्लीनं नाव दिलं 'अडखळ'. पास चुकला, अडखळ. हेडर हुकला, अडखळ. चुकलेल्या माणसाचं दुःख अगदी आपल्या कातड्याखाली कळायचं, आणि पहिल्या वर्षी त्या कळण्यानंच लोक वेडे झाले. पोरांना शिव्या बसायच्या बंद झाल्या. "त्याला आपल्यापेक्षा जास्त लागलंय रे," असं म्हणत माणसं घरी जायची.

दुसऱ्या वर्षी पट्टा स्टेडियमबाहेर आला. माणसाच्या छातीला चिकटवायची स्वस्त टिकली निघाली, आणि मग कोण कुणाला काय विचारेल याचा नेम राहिला नाही. शिरोळच्या एका पोराचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण मुलगी समोर आल्यावर त्याचा ठोका म्हणे अडखळला. उज्ज्वलाच्या कट्ट्यावर एक जण टिकली घेऊन आला आणि म्हणाला, "आक्का, दुधात पाणी न्हाई म्हणा बघू एकदा."

"म्हणते की," उज्ज्वला म्हणाली. "पण आधी तू लाव, आणि बायकोला कुठं जातो म्हणून सांगून आलायस ते म्हण."

कट्टा हसला. माणूस टिकली खिशात घालून गेला. ठोका खोटं पकडतो असं कुठल्याच शास्त्रज्ञानं म्हटलं नव्हतं. तो फक्त माणूस दचकला की नाही एवढंच सांगत होता. पण हातात हत्यार आल्यावर ते कशासाठी केलंय हे कोण विचारत बसतं?

सामन्यानंतर कट्ट्यावर रोज एकच विषय: पेनल्टी हुकली, तरी समरचा ठोका का अडखळला नाही? रफिकभाई मुजावर खांबाला टेकून उभे असत. विलासच्या वेळी ते भालदारचे गोलरक्षक होते. बोटं तेव्हाची वाकडी झालेली, दुधाचा ग्लास धरताना करंगळी बाहेरच राहायची.

"माझा आजा अनवाणी खेळला," ते सांगत होते. "बापाच्या वेळी बूट आले, पण अकरा जणांत सगळ्यांना पुरतील एवढे न्हाईत. हाफटाइमला बदलून घालायचे. मी आणि विलास आलो तेव्हा बूट होते, पण मैदानात गवत न्हवतं. पडलं की कातडं तिथंच ठेवून उठायचं."

"आणि आता गवत हाय," हलगीवाला बंटी मगदूम म्हणाला.

"गवत हाय, बूट हायत, डॉक्टर हाय. कुणी काय खायचं ते सांगायला बाई हाय. फक्त पेठेतलं पोर अकरात एकच उरलंय." रफिकभाईंनी ग्लास खाली ठेवला. "आणि त्याच एकानं..."

उज्ज्वला चरवीतून दूध ओतत होती. तिच्या हाताची धार तुटली नाही, पण कान तापले.

"भाई, बोला की. थांबला का?" ती म्हणाली.

"उजा, मी काय बोलणार? तुझ्या मनगटावर पण पट्टा होताच."

"मशीन चुकतंय. कंपनीचं पत्रक आलंय न्हवं, तांत्रिक अडचण म्हणून?"

"आठ हजार मनगटांवर एकदम?" बंटी म्हणाला. "आणि तेवढ्या एकाच ठोक्याला? आक्का, तुमचा भाचा हाय म्हणून गप बसतोय. दुसरा कुणी असता तर..."

"तर काय करतास?"

उत्तर गल्लीच्या आतून आलं. क्लासवरून परतणारी पोरं सायकलींच्या घंट्यांवर ताल धरून तिच्याच चालीत म्हणत होती:

*जांभळं नासलं गं, भालदार गल्लीत*
*कुणाच्या खिशात ते, न्हाई ते जाळीत*

चाल तिची, शब्द त्यांचे. मात्रा नीट बसवलेल्या होत्या, हे तिच्या ध्यानात आल्याशिवाय राहिलं नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. कट्ट्यावरचा एकही माणूस हसला नाही. एकानंही पोरांना हटकलं नाही.

लोक काय म्हणतात त्याची तिला फिकीर नव्हती, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण संशय हा दुधातल्या विरजणासारखा. एवढासा पडला तरी भांडं हलवून तो बाहेर काढता येत नाही. घरात समर समोर आला की ती आता भाच्याला बघत नव्हती, पुरावा बघत होती. जेवताना तो फोन उपडा का ठेवतो? सामन्याच्या आदल्या आठवड्यात कंपनीच्या ऑफिसातून आला तो सरळ गच्चीवर का गेला, भाकरी नको म्हणाला ती का? पेनल्टी घ्यायला दुसरा पोरगा पुढं झाला होता, तर ह्यानंच बॉल त्याच्या हातातून का काढून घेतला?

हे शेवटचं मात्र तिला सोडेना. सोडला असता बॉल त्या पोराकडं, तर काळिमा तरी ह्याच्या तोंडाला लागला नसता. म्हणजे ह्याला स्वतःच मारायचा होता. म्हणजे ह्याला खात्री हवी होती.

कशाची?

सकाळी गोठ्यात तो म्हशीला आंबोण घालत होता. सामन्यापासून तो घराबाहेर पडत नव्हता. गोठा आणि गच्ची, एवढंच. उज्ज्वला धारेला बसली, मग उठून उभी राहिली.

"समर, माझ्याकडं बघ."

त्यानं पाहिलं. डोळे बापाचे.

"कुणी विकत घेतलं तुला?"

तो हसला नाही, चिडलाही नाही. पाटी खाली ठेवली. "एवढे दिवस लागले तुला विचारायला?"

"उत्तर दे."

"कुणी न्हाई घेतलं. पण मारला मुद्दामच."

म्हशीनं मान झाडली, साखळी वाजली. उज्ज्वला खुंट्याला धरून उभी राहिली. त्यानं सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरुवात केल्यावर त्याला थांबता आलं नाही.

गुडघा दाखवायला तो कंपनीच्या ऑफिसात गेला होता. डॉक्टर यायचे होते, म्हणून मॅनेजर केळुसकरांच्या खोलीत बसवलं. भिंतीवरच्या पडद्यावर एक चित्र तसंच उघडं राहिलेलं. त्यांच्याच जर्सीचं, पण जांभळ्याच्या जागी निळं, आणि छातीवर भालदारच्या भाल्याऐवजी पुण्याचं नाव. खाली पुढच्या हंगामाचं वर्ष. वरच्या लीगला जेवढं मोठं स्टेडियम लागतं तेवढं कोल्हापुरात नाही. संघ वर गेला की पुण्याला हलवायचा, हे ठरून गेलं होतं. केळुसकर आले, पडदा घाईनं बंद केला, आणि चहा घेणार का म्हणून विचारलं.

"जिंकलो असतो तर त्या रात्री गुलाल उधळला असता," समर म्हणाला. "आणि दोन महिन्यांनी नुसती तालीम उरली असती. आत मारुती, आणि बाहेर कुलूप. जिंकलो न्हाई तर खालच्या लीगमध्ये का होईना, हितंच ऱ्हातोय."

"मग बोलला का न्हाईस कुणाला?"

"कुणाला? अध्यक्षांना? करारावर सही त्यांचीच. पोरांना? वरच्या लीगचं नाव काढलं तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी येतंय. कोण थांबलं असतं?"

"म्हणजे ते थांबणार न्हाईत हे तुला ठाऊक होतं, म्हणून तू त्यांना विचारलंच न्हाईस."

तो वाकून म्हशीपुढची वैरण सारखी करायला लागला.

उज्ज्वलाला वाटलं, हे खरं असावं. देवा, हे खरं असू दे. आणि त्याच दमात वाटलं, किती सोयीचं आहे हे! विकला गेलेला पोरगा एका वाक्यात गावाचा राखणदार झाला. चित्र त्यानं एकट्यानं पाहिलं, पडदा बंद झाला, साक्षीला कुणी नाही. तिचा हात आपोआप पुढं गेला. तिनं त्याचं मनगट धरलं आणि अंगठा नाडीवर ठेवला.

समरनं हात काढून घेतला नाही. नुसतं तिच्या अंगठ्याकडं पाहिलं.

"आत्ती," तो म्हणाला, "तू पण?"

तिनं हात सोडला. रोज सकाळी धार काढणारे हात ते, त्यांना काय करावं कळेना म्हणून तिनं ते पदराला पुसले, आणि ते कोरडेच होते.

रविवारी सकाळी तालमीत बैठक बसली. भालदार तालमीत गणपतीही बसतो आणि ताबूतही. भांडण मात्र कुठलंही असो, ते खंडोबाच्या देवळीपुढं मिटतं. ज्याच्यावर संशय त्यानं भंडारा उचलून शपथ घ्यायची. आणि शपथेचे शब्द संशय घेणाऱ्यानं सांगायचे नाहीत, ते आरोप असलेल्याच्या घरच्या वडीलधाऱ्यानं घालायचे. घरचा माणूस देवापुढं पळवाट ठेवणार नाही, असा त्यामागचा जुना विश्वास. म्हणजे समरला काय विचारायचं, ते उज्ज्वलानं ठरवायचं होतं.

सभासद लाल मातीच्या कडेनं दाटीवाटीनं बसले. अध्यक्ष आनंदराव चौगुले खुर्चीवर. शेजारी केळुसकर, पांढरा शर्ट, बूट मातीला लागू नयेत म्हणून पाय आत ओढून घेतलेले.

"भंडारा ठीक हाय," बंटी उठून म्हणाला. "पण टिकली पण लावायची. रेषा पडद्यावर दिसू दे सगळ्यांना."

"देवावर भरवसा न्हाई व्हय तुझा?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"देवावर हाय, काका. माणसावर न्हाई."

हशा झाला, पण विरोध कुणी केला नाही. समरच्या छातीला टिकली चिकटली. पडद्यावर त्याचं काळीज हिरव्या रेषेनं चालायला लागलं, आणि त्याबरोबर सगळ्यांच्या मनगटांवरही. पितळेच्या ताटातला भंडारा त्यानं ओंजळीत घेतला.

"घाल आक्का शब्द," आनंदराव म्हणाले.

उज्ज्वला उभी राहिली. रात्रभर तिनं दोन शब्द तोलले होते. 'विकला गेलास का' हा एक, 'मुद्दाम मारलास का' हा दुसरा. दोन्ही घातले तर पोर संपलं. पहिलाच घातला तर ते सुटलं, आणि जे उत्तर येईल तेही खोटं नव्हतं.

"समरजित विलास सरनाईक," ती म्हणाली. आवाज गॅलरीतला होता, पण कोरडा. "ह्या सामन्यात तू कुणाला विकला गेलास का?"

"न्हाई. भंडाऱ्याची आण."

रेषा चालत राहिली. भरभर, पण सारखी. रेषा काय सांगते ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. लोकांना पोर परत हवं होतं आणि त्यांनी रेषेचा तसा अर्थ लावला. बंटीनं हलगी उचलली. "मशीनच चुकलं म्हणायचं!" कुणीतरी ओरडलं. केळुसकरांनी टाळ्या वाजवल्या.

रफिकभाई उठले. त्यांच्या हातात दुसरी टिकली होती.

"उजा," ते म्हणाले, "आता तू लाव."

हलगी थांबली.

"काय बोलताय भाई?"

"चाळीस वर्षं तुझी गाणी म्हणतोय मी. तुझ्या गाण्यात शब्द कधी सांडत न्हाई. तू एखादा शब्द सोडलास तर तो विसरून सोडत न्हाईस. हितं बसलेल्या प्रत्येकाला 'मुद्दाम मारला का' एवढंच विचारायचं होतं. तूच ते सोडलंस. का सोडलंस?" त्यांनी वाकड्या बोटांचा तळहात पुढं केला. "लाव, आणि सांग तुला काय ठाऊक हाय."

विलासला खांदा दिलेला माणूस होता हा. भाऊबीजेला विलासच्या जागी पाटावर बसायचा. उज्ज्वलानं त्याच्या तळहातावरच्या त्या चकतीकडं पाहिलं, करंगळीच्या नखाएवढी. परवा गोठ्यात समरला कसं वाटलं असेल ते तिला आता कळलं. तिला राग यायला हवा होता. आला नाही, कारण भाईंचा संशय खरा होता.

"ती ठेवा खिशात," ती म्हणाली. "सांगते मी."

ती देवळीपुढं गेली आणि ताटात पंजा बुडवून भंडारा उचलला. तिला कुणी शब्द घालायला नव्हतं. तिनं स्वतःच घातले.

"त्यानं मुद्दाम मारला. मला ठाऊक होतं. मी ते लपवलं. का मारला, ते त्याच्या तोंडून ऐका."

गलका उठला. आनंदराव खुर्चीच्या दांड्यावर हात आपटत राहिले. समरनं मात्र आवाज चढवला नाही. गोठ्यात सांगितलं होतं तसंच सगळं सांगितलं. निळी जर्सी, पुण्याचं नाव, घाईनं बंद केलेला पडदा, चहा. तो सांगत गेला तसतसा गलका विझत गेला आणि माना केळुसकरांकडं वळत गेल्या.

"हे बघा, असे आराखडे बनत असतात," केळुसकर म्हणाले. "अंतिम काहीच नसतं. तुम्ही भावनेच्या भरात..."

रफिकभाई त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. हातात तीच टिकली. "साहेब, तुमच्याच कंपनीची हाय. लावा, आणि एवढंच म्हणा, संघ कोल्हापुरातनं हलवायचा आमचा विचार न्हवता."

"हे योग्य नाही. कायदेशीर बाबी असतात, मी व्यक्तिशः..." केळुसकरांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. उकाडा असूनही.

त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. विचारायचं उरलं नव्हतं. केळुसकर उठले, बूट मातीतून तसेच तुडवत निघाले, आणि दारातून बाहेर पडेपर्यंत कुणीही जागचं हललं नाही.

मग बंटीनं समरला उचलूनच घेतलं. "अरे, वाघ हाय ह्यो! संघ वाचवला पट्ठ्यानं!" पोरं पुढं सरसावली. घटकाभर आधी नासलेलं जांभूळ होतं ते, आता खांद्यावर चढलं.

"खाली ठेव त्याला," रफिकभाई म्हणाले.

"भाई, आता काय?"

"आता हेच. माझा आजा अनवाणी खेळला तो काय हरायला खेळला? गेली शंभर वर्षं ही तालीम हरली असेल, मार खाल्ला असेल, पण हिच्या पोरानं बॉल बाहेर मारायचा म्हणून मारला न्हवता. बाकीची दहा पोरं जीव तोडून पळत होती. त्यांना ठाऊकच न्हवतं, आपण हरायला पळतोय म्हणून." ते आनंदरावांकडं वळले. "ह्या पोराला भालदारची जर्सी पुन्हा नको. हात वर करून ठरवा."

तालमीत पुन्हा ती स्टेडियमातली गप्पगारी आली. या वेळी माणसं मनगटाकडं बघत नव्हती, एकमेकांकडं बघत होती. एक हात वर गेला, दोन गेले. निम्मे गेले. निम्मे मांडीवरच राहिले. आनंदरावांनी दोनदा नजर फिरवली आणि ती उज्ज्वलावर येऊन थांबली. तीही सभासद होती, आणि तिचा हात अजून कुठंच नव्हता.

समर तिच्याकडं बघत होता. त्याच्या छातीवरची टिकली कुणी काढलीच नव्हती, पडद्यावर रेषा चाललेलीच होती. तिनं पडद्याकडं पाठ केली.

"कंपनीनं आपल्याला न विचारता संघ न्यायचं ठरवलं," ती हळू म्हणाली. "आणि ह्यानं आपल्याला न विचारता ठेवायचं ठरवलं. माझं पोर हाय. मला ह्याचं ठरवणं आवडलं म्हणून काय ते निराळं होत न्हाई."

आणि तिनं हात वर केला. तळवा हळदीनं पिवळा झालेला, सगळ्या हातांमध्ये तो एकच तसा दिसत होता.

सगळ्यांच्या मनगटांवर एकदम एक ठोका उशिरा पडला. तेवढा एकच. मग रेषा पुन्हा चालू लागली.

बैठक संपली. माणसं चपला शोधत, हळू आवाजात बोलत बाहेर पडली. रफिकभाई तिच्यापाशी घुटमळले आणि निघून गेले. कट्ट्यावर ते उद्या येतील की नाही, हे तिला सांगता आलं नसतं.

समर दाराच्या खांबाला टेकून उभा होता. टिकली त्यानं काढून हातात घेतली होती.

"आत्ती," तो म्हणाला, "घरी येऊ का?"

उज्ज्वलानं पायात चप्पल अडकवली आणि चालायला लागली. चार पावलांवर थांबली, मागं वळली.

"न्हाई तर संध्याकाळची धार कोण काढणार?" ती म्हणाली. "केळुसकर?"